'स्क्वेअर' म्हणजे नेमकं काय? मराठी माध्यमातून पुढे आलेल्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या मराठी शाळांतून दहावी होऊन पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला गेलेल्या पोरांना पहिल्याच महिन्यात जे इंग्रजी शब्द छळतात, त्यांत 'स्क्वेअर' वरच्या नंबरावर आहे. शब्द नवा नसतो, हीच खरी अडचण. भूमितीच्या तासाला त्याचा अर्थ चौरस सांगितलेला असतो, बीजगणिताच्या तासाला वर्ग, आणि दोन्ही पाठ असतात. मग वर्कशॉपमध्ये सर लोखंडाची लांबट पट्टी हातात देतात आणि म्हणतात, "ही स्क्वेअर कर." लांबट पट्टीचा चौरस कसा करायचा? ड्रॉइंगच्या तासाला 'सेट स्क्वेअर' मागतात आणि तो निघतो त्रिकोण. हार्डवेअरच्या दुकानात वायर 'अडीच स्क्वेअर'ची असते आणि ती तर गोल.

मी याच वाटेनं आलो. आता बांधकामावर देखरेखीचं काम करतो आणि दर वर्षी नवी पोरं येऊन त्याच ठिकाणी अडतात. त्यांना तोंडी सांगतो ते इथं क्रमानं लिहिलं आहे. विद्यार्थ्यांखेरीज प्लॉट घेणाऱ्यांना, घर बांधणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षेचा इंग्रजीचा पेपर देणाऱ्यांनाही यातलं काही ना काही कामाला येईल.

जवळ काय ठेवायचं

- शाळेतली कंपासपेटी, त्यातल्या दोन्ही गुण्यांसकट
- ३० मीटरची टेप, सुताची दोरी, चार-सहा खुंट्या, हातोडी, फक्की (आखायची पांढरी पूड)
- मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर
- इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा शब्दकोश. इंग्रजी-मराठी कोश या शब्दापुरता बाजूला ठेवा. तो 'चौरस, वर्ग, चौक' असे तीन शब्द देतो, पण कुठं कोणता ते सांगत नाही.
- जागेचं काम असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर लेआउटची प्रत, गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८

१. आधी काटकोन पकडा

कंपासपेटीतल्या दोन गुण्या बाहेर काढा. एकीचे कोन ४५, ४५, ९०. दुसरीचे ३०, ६०, ९०. दोन्ही त्रिकोण. इंग्रजीत दोन्हींचं नाव सेट स्क्वेअर. ड्रॉइंग बोर्डावरचा टी स्क्वेअर टी अक्षराच्या आकाराचा असतो. सुताराचा ट्राय स्क्वेअर, ज्याला आपले मिस्त्री गुण्याच म्हणतात, तो इंग्रजी एल अक्षरासारखा. या सगळ्या स्क्वेअरांत चौरस एकही नाही. सगळ्यांत सारखं काय आहे? नव्वद अंशाचा कोन.

शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'चार' या संख्येपर्यंत जातं, हे खरं. आपला 'चौरस'ही संस्कृत 'चतुरस्र', म्हणजे चार कोपऱ्यांचा, यावरूनच आला. पण इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तो तेराव्या शतकात, आणि आला तो काटकोन तपासायच्या हत्याराचं नाव म्हणून. आकाराचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपण शाळेत आधी आकार शिकतो आणि हत्यार शेवटी, म्हणून गाडी उलटी धावते.

काटकोन धरून चाललं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. क्रिकेट बघता ना? स्क्वेअर लेगचा अंपायर उभा राहतो तो फलंदाजाच्या बाजूला, खेळपट्टीशी साधारण काटकोनात. स्क्वेअर कट जातो तोही काटकोनात, दुसऱ्या अंगाला. मैदानात चौरस कुठंही आखलेला नसतो. (मैदानाच्या मधोमध खेळपट्ट्यांचा जो राखलेला तुकडा असतो त्यालाही 'द स्क्वेअर' म्हणतात, तो अर्थ वेगळा.) आणि सरांची ती लोखंडी पट्टी? तिच्या लगतच्या कडा घासून एकमेकींशी काटकोनात आणायच्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पट्टी लांबटच राहणार.

साइटवर तीन इंग्रजी शब्द जोडीनं येतात: प्लंब, लेव्हल, स्क्वेअर. भिंत ओळंब्यात, जमीन लेव्हलात, कोपरा गुण्यात. मिस्त्रीला हे तिन्ही येतात, शब्द फक्त वेगळे. "कोपरा गुण्यात न्हाई बसला, साहेब" असं तो म्हणाला की त्यालाच इंजिनिअर 'आउट ऑफ स्क्वेअर' म्हणतो.

२. स्क्वेअर एककाच्या आधी आहे की नंतर, ते बघा

'टेन स्क्वेअर फीट' म्हणजे १० चौरस फूट. साधा ३ बाय ७ फुटांचा दरवाजा २१ चौरस फुटांचा असतो, म्हणजे ही जागा अर्ध्या दरवाजाहूनही कमी.

'टेन फीट स्क्वेअर' म्हणजे १० फूट बाय १० फुटांची खोली. १०० चौरस फूट.

शब्द तेच, जागा बदलली, क्षेत्रफळ दहापट झालं. आकडा वाढला की फरक भलताच वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ज्या गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, तिथं कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. त्यातलं सर्वांत लहान घर कुणी इंग्रजीत '२५० फीट स्क्वेअर' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ २५० बाय २५०, म्हणजे ६२,५०० चौरस फूट. एकराहून मोठं घर.

आपल्याकडं बोलताना 'पाचशे फूट प्लॉट', 'हजार फुटाचा फ्लॅट' असं सर्रास चालतं आणि सगळ्यांना कळतं. बोलण्यात चालू द्या. कागदावर मात्र 'चौरस' लिहिल्याशिवाय सही करू नका.

इंग्रजी वाचताना अजून एक बघायचं: स्क्वेअर हे नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद. मागे 'अ' किंवा 'द' असेल आणि पुढे वस्तूचं नाव नसेल तर नाम, आणि मग आकार, हत्यार, चौक किंवा वर्गसंख्या यांपैकी एक. पुढे वस्तूचं नाव असेल तर विशेषण. 'टू स्क्वेअर' असेल तर क्रियापद, ज्याचा अर्थ गणितात वर्ग करणं, साइटवर काटकोनात आणणं आणि पैशाच्या बाबतीत हिशोब मिटवणं.

३. सातबारा, गुंठा, आर आणि चौरस फूट

इथं जरा सावकाश वाचा, कारण इथं चुकीला पैसे पडतात.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र गुंठा नसतो. तिथं हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०७६.४ चौरस फूट.

बाजारात आर आणि गुंठा एकच समजून बोलतात. एका गुंठ्याला साडेबारा चौरस फुटांचा फरक, त्यामुळं कुणी मनावर घेत नाही. पण ४० आर म्हणजे एक एकर असं धरून कुणी एकराचे पैसे मोजले तर जवळपास ५०४ चौरस फूट जमीन कमी मिळते. शेतात हे खपून जाईल. लातूरच्या रिंगरोडच्या कडेला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या नव्या वसाहतीत ५०४ चौरस फूट म्हणजे अर्धा प्लॉट.

चौरस फुटांचे चौरस मीटर करताना सगळ्यात जास्त गडबड होते. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे पाठ असतं, म्हणून १२०० चौरस फुटांना ३.२८ नं भागतात आणि ३६६ चौरस मीटर लिहून मोकळे होतात. लांबीला एकदा भागायचं, रुंदीलाही एकदा भागायचं, म्हणजे दोनदा. १२०० ला ३.२८ नं दोनदा भागा, उत्तर १११.५ येतं. रोजच्या कामाला सरळ १०.७६४ नं भागा. ३० बाय ४० चा जो प्लॉट आपल्याकडं सगळीकडं दिसतो, तो हाच.

देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या ज्यांचा हैदराबादशी व्यवहार आहे त्यांच्यासाठी: तिकडं प्लॉट गजात बोलतात. गज म्हणजे इथं स्क्वेअर यार्ड, ९ चौरस फूट. 'दोनशे गज' म्हणजे १८०० चौरस फूट. गुंठ्याचे १२१ गज होतात.

बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, हेही एकदा डोक्यात पक्कं बसवा. १० बाय १० च्या खोलीला लागल्या त्याच्या दुप्पट फरशा २० बाय २० च्या हॉलला घेऊन आलेले लोक मी बघितले आहेत. दुकानात दुसऱ्या खेपेला त्याच बॅचचा रंग मिळत नाही, आणि मग अर्धा हॉल एका छटेचा, अर्धा दुसऱ्या.

प्लास्टर आणि रंगकामात 'ब्रास' येतो. तिथं ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-मुरमाचा ब्रास मात्र १०० घनफूट. गंमत अशी की अमेरिकेत छतावरच्या कामात नुसतं 'वन स्क्वेअर' म्हटलं की १०० चौरस फूट छत असा अर्थ होतो. म्हणजे आपला प्लास्टरचा ब्रास आणि त्यांचा स्क्वेअर एकच माप.

४. आखणी: कोपरा 'स्क्वेअर' कसा करायचा

ड्रॉइंगवर 'स्क्वेअर द कॉर्नर' किंवा 'चेक फॉर स्क्वेअर' लिहिलेलं असतं ते हे काम. तीन माणसं पुरतात.

पहिली ओळ नक्की करा. शक्यतो रस्त्याची बाजू घ्या, दोन खुंट्या ठोका, दोरी ताणून बांधा. ही ओळ एकदा ठरली की पुन्हा हलवायची नाही.

एका टोकाची खुंटी हा तुमचा कोपरा. तिथून दोरीवर १२ फुटांवर खूण करा. कोपऱ्यातून दुसरी दोरी अंदाजानं आडवी न्या आणि तिच्यावर ९ फुटांवर खूण करा. आता दोन खुणांमधलं अंतर मोजा. दुसरी दोरी पुढं-मागं सरकवत हे अंतर बरोबर १५ फूट आणा. १५ ला आलं की कोपरा गुण्यात आला. ३-४-५ चा हाच नियम तिप्पट करून वापरला आहे. नुसत्या ३-४-५ फुटांवर कोपरा काढला तर खुणेची अर्ध्या इंचाची चूक ४० फुटांवर जाऊन अर्ध्या फुटाच्या आसपास होते. म्हणून जितकं मोठं माप घेता येईल तितकं घ्या. जागा कमी असेल तर ६-८-१० घ्या, त्याखाली जाऊ नका.

हे दोरीचं गणित आपल्या मातीत जुनं आहे. शुल्बसूत्रांतलं 'शुल्ब' म्हणजे दोरीच, आणि आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेएवढा असतो हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेलं आहे. दहावीला आपण तेच पायथागोरसच्या नावानं पाठ केलं.

चारही कोपरे झाले की कर्ण मोजा, दोन्ही. ३० बाय ४० ला कर्ण बरोबर ५० फूट यायला हवा, हिशोबाला सर्वांत सोपं घर हेच. २० बाय ३० ला ३६ फूट आणि वर पाऊण इंचाला थोडं कमी. इतर मापांना दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा.

इथले सापळे असे:

चार बाजू सारख्या भरल्या म्हणजे चौरस झाला असं नाही. २० फुटांच्या चार दोऱ्यांचा चौकोन एका बाजूला कलला तरी बाजू २० च राहतात. तो समभुज चौकोन. त्याचे कर्ण मोजले की एक लांब, एक आखूड निघतो, आणि तिथंच चोरी पकडली जाते.

उलट, नुसते कर्ण सारखे आले म्हणूनही खूश होऊ नका. पुढची बाजू आखूड आणि मागची लांब असलेल्या चौकोनाचेही कर्ण सारखे येऊ शकतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच फक्की टाका.

मापं बाहेरून बाहेर घेताय, आतून आत की भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ते आधी ठरवा. बहुतेक ड्रॉइंगवर पायाची मापं सेंटर लाइनची असतात आणि मिस्त्री सवयीनं बाहेरची धरतो.

उन्हाळ्यात काम असेल तर लोखंडी टेप तापून वाढते. २० अंशांवर बरोबर असलेली ३० मीटरची टेप ४२ अंशांवर साधारण ८ मिलिमीटर वाढलेली असते. याची फार काळजी करू नका, दोन्ही कर्ण त्याच टेपनं, त्याच वेळी मोजले तर तुलना बरोबरच येते. सैल दोरी आणि कापडी टेपचा झोळ याहून कितीतरी जास्त नुकसान करतात. सकाळी लवकर आखणी करा. माणसंही ताजी असतात.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, असं घरमालक विचारतात. पाया भरताना दोन इंचांचा तिरपेपणा कुणाला दिसत नाही, काळ्या मातीत खोल गेलेल्या खड्ड्यात तर अजिबातच नाही. तो दिसतो फरशी बसवताना. दोन बाय दोनच्या टाइल्स भिंतीपर्यंत गेल्या की शेवटची रांग एका टोकाला सहा इंच आणि दुसऱ्या टोकाला चार इंच कापावी लागते. मग टाइलवाल्यावर खापर फुटतं. त्याचा काही दोष नसतो.

आणि मूळ प्लॉटच गोमुखी (पुढं अरुंद, मागं रुंद) किंवा व्याघ्रमुखी (पुढं रुंद, मागं अरुंद) असेल तर? आपल्याकडच्या जुन्या लेआउटांत असे प्लॉट पुष्कळ. कुणी सांगतं की भिंती हद्दीला धरून घ्या, जागा वाया जाऊ देऊ नका. मी उलट सांगेन. घर आतल्या आत काटकोनात घ्या आणि उरलेली पाचर बाहेर मोकळी सोडा. पाण्याची टाकी, जिना, तुळशीवृंदावन, काहीही तिथं बसतं. तिरक्या खोलीत मात्र कपाटही धड बसत नाही.

५. दुकानात

वायरपासून सुरुवात करू. 'दीड एमएम', 'अडीच एमएम', 'चार एमएम' असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो मधला 'स्क्वेअर' गिळतो. हे आकडे वायरच्या जाडीचे नाहीत, आतल्या तांब्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाचे आहेत. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा व्यास १.३८ मिलिमीटरच्या आसपास भरतो, अडीचचा १.७८, चारचा २.२६. म्हणून कॅलिपर लावून 'चार सांगून दोनची दिली' असं भांडायला जाऊ नका. बारीक तारांची वायर असेल तर सगळ्या तारांचं क्षेत्रफळ मिळून तो आकडा होतो. घरात साधारणपणे दिव्यांना दीड, पॉवर सॉकेटला अडीच आणि एसी-गिझरला चार, असा हिशोब असतो.

बोअरच्या सबमर्सिबल पंपाची केबल घेताना हाच आकडा महत्त्वाचा. मीटर बांधावर, बोअर शेताच्या दुसऱ्या टोकाला आणि केबल स्वस्तातली बारीक, असं झालं की वाटेतच व्होल्टेज पडतं, मोटार तापते आणि जळते. अंतर किती ते सांगून मगच केबल निवडा.

पाइपच्या दुकानात चौकोनी नळी कोणतीही असो, तिला 'स्क्वेअर पाइप' म्हणतात. ऑर्डर लिहून देताना दोन्ही बाजू आणि पत्र्याची जाडी लिहा, नाहीतर दोन बाय एकची नळी दोन बाय दोनची म्हणून येईल.

हवेच्या पंपावरचं 'पीएसआय' म्हणजे पाउंड्स पर स्क्वेअर इंच. ३० पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर ३० पौंडांचा दाब. ठिबकच्या फिल्टरवरच्या मीटरमध्ये बहुधा किलो पर स्क्वेअर सेंटिमीटर असतं, आणि तिथला १ म्हणजे १४.२ पीएसआय. ड्रिपर साधारण १ किलोच्या दाबाला नीट चालतात. मीटरवर दोन्ही पट्ट्या छापलेल्या असतील तर कोणती वाचताय ते बघा.

६. गणिताच्या तासाला

पाचाचा वर्ग इंग्रजीत वाचताना 'फाइव्ह स्क्वेअर्ड' म्हणायचं. 'फाइव्ह स्क्वेअर' आपल्या वर्गांत चालतं, बाहेर ऐकणारा क्षणभर थांबतो. 'स्क्वेअर बोथ साइड्स' म्हणजे दोन्ही बाजूंचा वर्ग करा. दोन्ही बाजू सारख्या करा असं नव्हे.

'होल स्क्वेअर' हा आपल्याकडचा शब्द आहे आणि त्यातला 'होल' मोलाचा आहे. ३ अधिक ४ कंसाचा वर्ग ४९. तीनाचा वर्ग अधिक चाराचा वर्ग २५. तोंडी सांगताना 'होल' खाल्लात तर समोरचा २५ लिहील आणि चूक तुमची असेल.

वर्गाला 'स्क्वेअर' का म्हणतात हे एकदा वहीच्या चौकटींवर करून बघा. पाच चौकटींची बाजू असलेला चौरस रंगवा आणि आतल्या चौकटी मोजा. २५ भरतात. चौरस आणि वर्ग हे दोन धडे तिथं एक होतात.

'स्क्वेअरिंग द सर्कल' हा शब्दप्रयोग वाचनात येईल. पट्टी आणि कंपास एवढ्यावर वर्तुळाच्या क्षेत्रफळाइतकाच चौरस काढायचा, हे जुनं कोडं. ते सुटू शकत नाही असं लिंडेमान या जर्मन गणितज्ञानं १८८२ मध्ये सिद्ध केलं. म्हणून इंग्रजीत अशक्य गोष्टीच्या मागे लागण्याला तसं म्हणतात.

७. चौक म्हणजे स्क्वेअर का?

थोडक्यात, नेहमीच नाही. इंग्रजीतला टाउन स्क्वेअर म्हणजे भोवती इमारती असलेली मोकळी जागा. आपला चौक बहुतेक वेळा रस्त्यांचा छेद असतो. नागपूरकडं चौकाला इंग्रजीत स्क्वेअर म्हणायची रीत पक्की आहे, मराठवाड्यात ती तितकी रुळलेली नाही. पत्ता लिहिताना क्रांती चौक हा इंग्रजी अक्षरांतही क्रांती चौकच ठेवा. पोस्टमनला, रिक्षावाल्याला आणि नकाशाला तोच कळतो. लातूरच्या गंजगोलाईचं भाषांतर करायला तर जाऊच नका. १६ रस्ते जिथं येऊन मिळतात ती जागा नावानंच गोल आहे. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध टाइम्स स्क्वेअरही चौरस नाही, दोन रस्ते तिरके कापतात तिथं तो झाला आहे.

डोळ्यांनी खरा चौरस बघायचा असेल तर बीबी का मकबऱ्याचा उंच चौथरा बघा. चार कोपऱ्यांना चार मिनार आहेत, त्यामुळं आकार लगेच लक्षात येतो.

८. बोलण्यातला स्क्वेअर

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी हे वहीत उतरवून घ्यावं, पण अर्थ मराठी वाक्प्रचारानं लक्षात ठेवावा. शब्दाला शब्द लावून पाठ केलेलं पेपरात आठवत नाही.

'बॅक टू स्क्वेअर वन': पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इथला स्क्वेअर म्हणजे पटावरचं घर.

'वी आर स्क्वेअर': आपली फिटंफाट झाली. कुणाचं कुणाकडं काही निघत नाही. खेळात 'ऑल स्क्वेअर' म्हणजे दोघांचे गुण बरोबरीत.

'फेअर अँड स्क्वेअर': सरळ, लबाडी न करता. 'ही वन फेअर अँड स्क्वेअर' म्हणजे तो हक्कानं जिंकला. 'स्क्वेअर डील' म्हणजे चोख व्यवहार. वाकडं नसलेलं ते प्रामाणिक, हा काटकोनाचाच गुण माणसाला लावला आहे.

'स्क्वेअर पेग इन अ राउंड होल': जिथं आपण बसत नाही अशा जागी जाऊन पडलेला माणूस.

'स्क्वेअर मील': पोटभर जेवण. बातम्यांत 'टू स्क्वेअर मील्स अ डे' येतं ते आपलं दोन वेळचं जेवण. जहाजावर खलाशांना चौकोनी ताटात जेवण देत म्हणून हा शब्द आला, अशी गोष्ट फिरत असते. तिला आधार नाही. आणि इथंच मराठी माणसासाठी खास सापळा आहे. आपण 'चौरस आहार' म्हणतो तो समतोल आहार, त्याला इंग्रजीत 'बॅलन्स्ड डाएट' म्हणतात. निबंधात 'स्क्वेअर डाएट' लिहिलेलं मी तपासलेल्या वह्यांत वारंवार दिसतं. भाकरी, पिठलं आणि ठेचा पोटभर खाल्ला तर तो स्क्वेअर मील झाला. चौरस आहार व्हायला त्याच्याबरोबर पालेभाजी, ताक, फळ वगैरे यावं लागतं.

एखाद्या माणसालाच 'अ स्क्वेअर' म्हटलं तर तो जुन्या वळणाचा, रुक्ष असा अर्थ. हा अमेरिकन बोलीतला वापर आता तिथंही जुना झाला आहे. ओळखता आला म्हणजे पुरे, स्वतः वापरू नका.

उच्चाराबद्दल एकच: 'स्केअर' म्हणू नका, त्याचा अर्थ घाबरवणं. 'क्व' नीट उमटू द्या. सुरुवातीला 'इस्क्वेअर' झाला तरी कुणाचं अडत नाही, मुलाखतीला जाण्याआधी तेवढा 'इ' काढा.

९. लिहिताना

मराठी कागदावर 'चौ.फू.' आणि 'चौ.मी.' पुरेसं आहे. इंग्रजी कागदावर 'स्क्वेअर फीट' किंवा 'स्क्वेअर मीटर' पूर्ण स्पेलिंगनं लिहा. मीटरच्या डोक्यावर छोटा दोन हवा असेल तर मोबाइलच्या बहुतेक कीबोर्डांवर २ चं बटण दाबून धरा, तो वर येतो. झेरॉक्समध्ये आणि फॅक्समध्ये हा छोटा दोन पुसट होतो किंवा खाली उतरून आकड्यालाच चिकटतो, म्हणून महत्त्वाच्या कागदावर त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

करारनाम्यात क्षेत्रफळ अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहून घ्या. त्याच्याशेजारी चारही बाजूंची मापं घ्या, आणि लेआउट मिळाला असेल तर एका कर्णाचंही. नुसत्या चार बाजू लिहिल्या तर चौकोन कलू शकतो, कर्ण लिहिला की नाही.